टँकरच्या पाण्यावरच्या गावात कॉलऱ्याचा उगम संशोधक कसा शोधतात?

तुमचं गाव जालन्याकडचं, उन्हाळाभर टँकरवर. पद्धत मात्र १८५४ सालची आहे. लंडनच्या सोहो भागात डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली, तर बहुतेक एकाच हातपंपाभोवती निघाली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोखनं कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला तो पुढे १८८४ मध्ये, कोलकात्यात.

आजही आधी रुग्णांची यादी होते: वय, घर, जुलाब कधी सुरू झाले. लागणीनंतर काही तासांपासून पाच दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणून तेवढ्या दिवसांत पाणी कुठलं प्यायलात हे विचारतात. मराठवाड्यात खरं काम इथंच आहे, कारण एकाच घरात टँकर, बोअर आणि शेतातली विहीर अशी तिन्ही पाणी असतात. आजारी न पडलेल्या शेजाऱ्यांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात. माझ्या मते हीच पायरी सगळ्यात मोलाची. तिच्याशिवाय दोष टँकरचा की घरातल्या टाकीचा, हे ठरत नाही. पाण्यात क्लोरीन उरलंय का हे पाहणारी ओटी टेस्ट होते, शौचाचा नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी घेतात.

तपास होईपर्यंत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायला ग्रामपंचायतीला सांगा. कुणाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब झाले, तर ओआरएस पाजत लगेच दवाखान्यात न्या.