तीन वर्षांसाठी नोकरीनिमित्त परदेशी जातोय. जहाजाचं भाडं परवडतंय. माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार सोबत न्यावी का, आणि न्यायची तर कशी?

जहाजाचं भाडं परवडतंय असं तुम्ही लिहिलंय, पण कोणत्या देशात जाताय ते लिहिलेलं नाही. उत्तर मात्र देशावरच अवलंबून आहे. या सगळ्या व्यवहारात भाडं हा सोपा भाग आहे. गाडी बंदरात उतरल्यावर तिला तिथली नंबर प्लेट मिळणार का, हे आधी बघावं लागतं. म्हणून शिपिंग एजंटला फोन लावण्याआधी त्या देशाच्या वाहन नोंदणी खात्याचे आणि कस्टम्सचे नियम वाचा.

देशादेशात किती फरक पडतो बघा. अमेरिकेत तिथल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली गाडी २५ वर्षांची होईपर्यंत सरळ मार्गाने कायमची आणता येत नाही. तुमचं मॉडेल तिथेही विकलं जातं, याचा उपयोग नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीवर तसं लेबल असतं, तुमच्या गाडीवर ते नसेल तर कायद्याच्या नजरेत ती वेगळी गाडी. अनिवासी माणसाला स्वतःच्या वापरासाठी एक वर्षाची सूट मिळते, पण वर्षभरात गाडी देशाबाहेर न्यावी लागते आणि तिथे विकता येत नाही. तीन वर्षांच्या नेमणुकीला ती पुरत नाही. कॅनडात हीच वयाची अट १५ वर्षांची. सिंगापूरला वापरलेली गाडी तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची हवी, तर दुबईत उजव्या स्टिअरिंगची रोजच्या वापराची गाडी नोंदवूनच घेत नाहीत.

युरोपीय संघात जात असाल तर स्थलांतर करणाऱ्यांसाठी करमाफी आहे, आणि ती मोठी आहे. एरवी गाडीवर १० टक्के आयात शुल्क आणि त्यावर त्या देशाचा व्हॅट बसतो, तोही भाडं आणि विमा धरून काढलेल्या किमतीवर. माफीसाठी संघाबाहेर सलग १२ महिने वास्तव्य हवं, येण्याआधी गाडी किमान ६ महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात हवी, आणि आणल्यावर १२ महिने ती विकता, भाड्याने देता किंवा कोणाला वापरायला देता येत नाही. लोक हमखास अडकतात ते यातल्या सहा महिन्यांत. नेमणूक ठरली म्हणून हौसेने चार महिने आधी गाडी घेतली, की माफी गेली. गाडी कंपनीच्या नावावर किंवा लीजवर असेल तरीही तेच. कर्ज चालू असेल तर गाडी देशाबाहेर न्यायला बँकेचं लेखी ना-हरकत पत्र लागतं, आणि ते मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज तिथे करा.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण सगळ्यात कडक. आयातीची मंजुरी हातात आल्याशिवाय गाडी जहाजावर चढवायचीच नाही. आधी चढवली तर बंदरात पडून राहते आणि साठवणुकीचं बिल दिवसागणिक वाढतं. जुन्या गाडीच्या ब्रेक पॅडमध्ये, क्लचमध्ये किंवा गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस नाही याचा पुरावाही लागतो. शिवाय एका जातीच्या ढेकणासारख्या किड्यांमुळे ठरावीक देशांतून १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात निघणाऱ्या मालावर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया करावी लागते. चाकांच्या कमानींत आणि गाडीच्या पोटाखाली चिखल राहिला तर पुन्हा धुण्याचा खर्च तुमच्याच माथी.

काही जण सुचवतील, की कार्ने (गाडी तात्पुरती परदेशी नेण्याचा कस्टम्सचा कागद) काढा, म्हणजे शुल्क न भरता गाडी नेता येईल. ते कागद प्रवाशांसाठी असतात. तुम्ही तिथले रहिवासी झालात की परदेशी नंबरावर गाडी चालवणं बहुतेक ठिकाणी बेकायदा ठरतं आणि गाडी जप्तही होऊ शकते.

आता माझं मत. गाडी सध्या बाजारात मिळणारी असेल आणि मुक्काम तीनच वर्षांचा असेल, तर नेऊ नका. भाडं, तपासणी, बदल, नोंदणी हे सगळं जाताना एकदा आणि परत येताना दुसऱ्यांदा भरायचं असतं. विका, नाहीतर कोरड्या जागी चार्जर लावून ठेवून द्या. उत्पादन बंद झालेली, मॅन्युअल गिअरची, पुन्हा हाती न लागणारी गाडी असेल तर नेण्यात अर्थ आहे.

नोंदणीत काय अडतं तेही आधी तपासा. अमेरिकेसाठी बनलेल्या बऱ्याच गाड्यांचे मागचे इंडिकेटर लाल असतात. युरोपात ते पिवळेच हवेत. रस्त्याची बाजू बदलत असेल तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. काही गाड्यांत तो सेटिंगमधून फिरवता येतो, काहींत अख्खे दिवे बदलावे लागतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून बसवलेला एक्झॉस्ट, रेसिंग सीट, एअरबॅगच्या मूळ स्टिअरिंगऐवजी लावलेलं दुसरं स्टिअरिंग, हे सगळं निघण्याआधी मूळ रूपात आणा आणि काढलेले भाग घरीच ठेवा. इंजिनाचं ट्यूनिंग केलं असेल तर तिथे मिळणाऱ्या पेट्रोलचा ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचा आकडा) बघा. आकडे मोजायची पद्धत वेगळी असते: अमेरिकी पंपावरचा ९३ हा साधारण इतरत्रच्या ९८ एवढा. मूळ इंजिन, असं अवेळी पेटणं ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या भरवशावर निभावून नेतं. ९८ किंवा १०० वर बेतून ट्यून केलेलं इंजिन ९५ वर खराब होऊ शकतं.

जहाजाचे दोन प्रकार. रो-रो म्हणजे गाडी चालवत जहाजात नेतात. स्वस्त आहे, पण बंदराचे कामगार गाडी अनेकदा सुरू करून हलवतात, रॅम्पवर पुढच्या बंपरखालची पट्टी (स्प्लिटर) घासते, आणि आत सामान ठेवता येत नाही. कमी उंचीच्या गाडीसाठी मी कंटेनरच सांगेन, आणि तोही फक्त तुमच्या गाडीचा. सामायिक कंटेनरमध्ये गाड्या रॅकवर एकावर एक ठेवतात. वरच्या गाडीचं ब्रेक ऑइल गळलं तर खालच्या गाडीचा रंग जातो.

वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. गाडी १.९ मीटर रुंद धरली तर दोन्ही बाजूंना मिळून ४५ सेंटिमीटर उरतात, आणि दोन दारांच्या कूपेचे दरवाजे लांब. चालवत आत नेलेला माणूस बाहेर कसा येणार, हे लोकांना आत गेल्यावर सुचतं. उपाय दोन. एक, गाडी विंचने ओढून आत घ्यायची. दुसरा, ती दुसऱ्या बाजूच्या भिंतीला सरकवून ड्रायव्हरच्या बाजूला ३५ सेंटिमीटर जागा ठेवायची, आरसे मिटवायचे आणि काच उघडी ठेवायची. कंटेनर ट्रेलरवर असेल तर लहान रॅम्पने चढवू देऊ नका; धक्क्यावरून सपाट आत न्यायला सांगा. जमिनीवर ठेवलेल्या कंटेनरचा तळ साधारण १५ सेंटिमीटर उंच असतो. दोन मीटर लांबीच्या फळ्या लावल्या तर चढ चार-साडेचार अंशांचा होतो, तो बहुतेक गाड्यांना चालतो. पुढचा भाग उचलणारी यंत्रणा असेल तर तिचं बटण कुठे आहे हे चित्रासह कागदावर लिहून काचेवर चिकटवा. उतरवणाऱ्या माणसांनी तुमची गाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली असते.

बांधायचं ते टायरवरून, रुंद कापडी पट्ट्यांनी, चारही चाकांना, कंटेनरच्या तळाशी असलेल्या कड्यांत. शिवाय चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे, तळाला ठोकलेले. सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बॉडीला पट्टा बांधला तर जहाज हलल्यावर स्प्रिंग दबते, पट्टा सैल पडतो, आणि मग गाडी भिंतीवर आपटते. टोइंगची कडी ओढण्यासाठी असते, महिनाभर ताण सोसण्यासाठी नसते. टायरमध्ये हवा थोडी जास्त, सुमारे ३ बार, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत. टाकीत पाव किंवा त्याहून कमी पेट्रोल. पेट्रोल गाडी जहाजाच्या नियमांत धोकादायक माल म्हणून यूएन ३१६६ या क्रमांकाखाली मोडते, त्यामुळे इंधन आणि बॅटरीबद्दल शिपिंग कंपनीची अट लेखी घ्या. गाडीवर कव्हर घालू नका. मोठं संरक्षण वाटतं, पण आठवडेच्या आठवडे थरथरणाऱ्या जहाजात धुळीचे कण कव्हरखाली रंगाला सँडपेपरसारखे घासत राहतात. ओल शोषणाऱ्या पिशव्या भिंतींना टांगा, कारण दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने कंटेनरच्या छताखाली पाणी जमून टपकतं.

बॅटरीचा विचार लोक शेवटी करतात, आणि तिथेच फसतात. अलार्म आणि ट्रॅकर रोज थोडी वीज खातात. प्रवास सहा आठवड्यांचा आणि बंदरातली वाट वेगळी, तेवढ्यात बॅटरी मरते. मग इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही, ऑटोमॅटिक गिअर पार्कमधून निघत नाही, आणि चाकं अडकलेली गाडी अरुंद कंटेनरातून ओढून काढावी लागते. बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर, अशीही रचना असते. पोर्शच्या ९११ च्या अनेक पिढ्यांत त्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढायचं एक टर्मिनल दिलेलं आहे, बाहेरून वीज देऊन कुलूप उघडायला. तुमच्या गाडीत काय सोय आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा आणि ते पान कागदपत्रांसोबत पाठवा. कंटेनरमध्ये चढवल्यावर, हँडब्रेकचं काय करायचं ते गाडी बांधणाऱ्या माणसाशी ठरवून, बॅटरीचं ऋण टोक काढा, पण त्याआधी डिकी पूर्ण बंद होऊ न देण्याची व्यवस्था करा. लिथियम बॅटरी असेल तर जास्तच जपा. पूर्ण उतरलेली ती अनेकदा परत जिवंत होत नाही.

विमा. जहाज कंपनीची जबाबदारी, अनेक देशांत लागू असलेल्या हेग-व्हिस्बी या सागरी मालवाहतुकीच्या नियमांनुसार, नगामागे ६६६.६७ किंवा किलोमागे २ एसडीआर, यात जे जास्त असेल तेवढीच. १५०० किलोच्या गाडीला ३००० एसडीआर होतात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही रक्कम अशा गाडीच्या किमतीपुढे नगण्य. म्हणून सर्व जोखमींचा, ठरवलेल्या किमतीचा सागरी विमा घ्या. फक्त गाडी पूर्ण नष्ट झाली तरच पैसे देणारी पॉलिसी ओरखड्याला किंवा आदळलेल्या बंपरला काही देत नाही. २०२२ मध्ये फेलिसिटी एस हे जहाज सुमारे ४००० गाड्यांसह जळून अझोर्सजवळ बुडालं, त्यात पोर्श, बेंटली, लॅम्बोर्गिनीही होत्या. पॉलिसीत 'जनरल ॲव्हरेज' आहे का तेही पाहा. जहाज वाचवायला झालेला खर्च मालाच्या सगळ्या मालकांवर वाटला जातो, तुमच्या गाडीला काही झालं नसलं तरी. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजाच्या बाबतीत हेच झालं.

चढवण्याआधी स्वच्छ धुतलेल्या गाडीचे तारखेसह फोटो घ्या: चारही रिम, बंपरच्या खालची कड, काच, किलोमीटरचा आकडा, चेसिस नंबर. ताबा घेताना घाईत सही करू नका. दिसणारं नुकसान पावतीवरच लिहा. न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना जहाज कंपनीला तीन दिवसांत द्यावी लागते, म्हणून गाडी घरी नेऊन शनिवारपर्यंत ठेवू नका. त्याच दिवशी लिफ्टवर घेऊन खालचं कव्हर आणि सस्पेन्शन बघून घ्या. पहिले काही किलोमीटर ब्रेकमधून खरखर येईल आणि टायर एका बाजूला चपटे वाटतील. डिस्कवरचा गंज हलक्या ब्रेकने निघतो, टायर गरम झाल्यावर बहुधा गोल होतात. वीस-तीस किलोमीटरनंतरही थरथर राहिली तर चाकांचं बॅलन्सिंग करून बघा, आणि तरीही गेली नाही तर टायर बदला.