‘आर्का’, ‘ओपेरा’, ‘सिंदाको’ : फ्रान्सिस्कन बॅसिलिकेच्या कारभाऱ्यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : इटलीतल्या पादोवा शहरात संत अँथनीची बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च, आहे. ती संत फ्रान्सिसच्या फ्रान्सिस्कन संघातल्या व्रतस्थ बंधूंकडे आहे. तिच्यावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करताना ‘वेनेरांदा आर्का’ या संस्थेला ‘देवस्थान ट्रस्ट’ म्हणावं का? तिच्या ‘मास्सारी’ना (एकवचन ‘मास्सारो’) ‘विश्वस्त’ म्हटलं तर चालेल का? आणि हे लोक ‘ले’ (इंग्रजी lay) होते, म्हणजे ‘सामान्य लोक’ होते, असं लिहावं का?

तिन्हींचं उत्तर ‘नको’ असं आहे. पण पर्याय सुचवण्याआधी ही माणसं नेमकं काय करत होती ते पाहावं लागेल, कारण या विषयात एका शब्दाच्या निवडीने मालक बदलतो.

सुरुवात फ्रान्सिस्कन संघाच्या नियमापासून करू. १२२३ साली पोपची मान्यता मिळालेल्या या नियमाच्या चौथ्या प्रकरणात बंधूंनी नाणी किंवा पैसा स्वतः घेऊ नये, दुसऱ्यामार्फतही घेऊ नये, असं म्हटलं आहे. सहावं प्रकरण आणखी पुढे जातं : घर, जागा, कोणतीही वस्तू स्वतःची म्हणून ठेवू नये. बेनेडिक्टाइन या दुसऱ्या संघातला साधू एकटा निर्धन असतो, पण त्याचा मठ जमीनदार असू शकतो. इथे मठालाही मालकी नको होती. तरी पाच-सात वर्षांतच मोठी चर्च उभी राहू लागली, भक्त दानं देऊ लागले, मृत्युपत्रांत जमिनी लिहून ठेवू लागले. मग हे सगळं कुणाचं?

पोप नववा ग्रेगरी याने १२३० साली पहिली वाट काढली : दात्याचा पैसा एखाद्या ‘आध्यात्मिक मित्राकडे’ राहावा आणि बंधूंच्या गरजेप्रमाणे त्याने तो खर्चावा. पोप चौथा इनोसंट याने १२४५ मध्ये सांगून टाकलं, की दात्याने मालकी स्वतःकडे राखली नसेल तर बंधूंच्या वापरातल्या वस्तूंची मालकी रोमच्या पीठाकडे, म्हणजे पोपच्या पीठाकडे, आहे. १२४७ मध्ये त्याने ही मालमत्ता सांभाळायला प्रतिनिधी नेमण्याची मुभा संघाच्या अधिकाऱ्यांना दिली. १२८३ साली पोप चौथा मार्टिन याने या प्रतिनिधींचे अधिकार वाढवले : खरेदी-विक्री, वसुली, कोर्टात दावा, सगळं ते रोमच्या पीठाच्या नावाने करू लागले. या माणसाला लॅटिनमध्ये ‘सिंदिकुस’ किंवा ‘प्रोकुरातोर’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘सिंदाको आपोस्तोलिको’. तो बहुधा गावातला पत असलेला, संघाबाहेरचा माणूस असे.

मशीन अनुवाद हमखास घसरतो तो याच शब्दावर. आजच्या इटालियनमध्ये ‘सिंदाको’ म्हणजे महापौर, त्यामुळे ‘प्रेषितीय महापौर’ अशी अजब चीज मराठीत उतरते. ‘सिंडिक’ असं नुसतं लिप्यंतर केलं तर वाचकाला सिंडिकेट आठवतं. याला मराठीत चांगला शब्द आहे : मुखत्यार. मुखत्याराच्या हातात व्यवहार असतो, सही असते, कोर्टात उभं राहण्याचा अधिकार असतो, पण मालकी मुखत्यारपत्र देणाऱ्याचीच राहते. गोव्यातल्या देवस्थानांच्या समित्यांत अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्याबरोबर ‘मुखत्यार’ हे पद आजही असतं. तेव्हा ‘पोपचा मुखत्यार’ किंवा ‘रोमच्या पीठाचा मुखत्यार’ असं बिनदिक्कत लिहावं.

‘विश्वस्त’ इथे का नको, तेही यातूनच कळतं. आपल्या न्यास कायद्याच्या चौकटीत विश्वस्ताच्या नावे मिळकत असते आणि ती लाभार्थ्यासाठी वापरायचं बंधन त्याच्यावर असतं. फ्रान्सिस्कनांच्या मुखत्याराकडे मालकी नव्हतीच. आपल्याकडचं जवळचं उदाहरण देवस्थान इनामाचं आहे. तिथे जमीन देवाची, आणि पुजारी किंवा वहिवाटदार फक्त व्यवस्था पाहणारा. ‘देव’च्या जागी ‘रोमचं पीठ’ ठेवलं की तेराव्या शतकातली रचना मराठी वाचकाला लगेच उमगते.

वहिवाटीचा उल्लेख निघाला म्हणून एक सावधगिरी. पोप तिसरा निकोलस याने १२७९ मध्ये बंधूंच्या वापराला ‘सिम्प्लेक्स उसुस फाक्ती’ असं नाव दिलं. मराठीत याला ‘वहिवाट’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. आपल्याकडे वहिवाटीतून हक्क तयार होतो, ‘वहिवाटीचा हक्क’ ही तर कायद्याची रुळलेली भाषा आहे. ‘भोगवटा’सुद्धा नको, कारण महसुली कागदात भोगवटादार हा हक्कधारक असतो. ‘फलोपभोग’ (दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचा उपभोग घेण्याचा हक्क) तर अगदीच चूक, कारण फलोपभोग, वहिवाट, मालकी अशा हक्काच्या सगळ्या प्रकारांतून बंधूंना बाहेर ठेवण्यासाठीच हा शब्दप्रयोग घडवला होता. ‘हक्काविना नुसता वापर’ हे लांब आहे, पण बरोबर आहे. हा वाद किरकोळ नव्हता. पोप बावीसावा जॉन याने १३२२ मध्ये ही मालकी रोमच्या पीठाकडे ठेवायला नकार दिला. जी वस्तू खाल्ली की संपते तिचा वापर मालकीपासून वेगळा कसा काढणार, असा त्याचा सवाल होता. अनुवादात ‘वहिवाट’ घातली तर हा सवालच वाचकाला कळणार नाही.

आता पादोवाकडे. संत अँथनी १३ जून १२३१ रोजी वारले, पुढच्याच वर्षी त्यांना संतपद मिळालं, आणि त्यांच्या थडग्यावर बॅसिलिका उभी राहू लागली. तिची देखभाल करणारी संस्था, म्हणजेच वेनेरांदा आर्का, १३९६ पासून आहे. पादोवावर तेव्हा कार्रारा घराण्याची सत्ता होती. १४०५ मध्ये शहर व्हेनिसच्या ताब्यात गेलं, नंतर नेपोलियन आला, ऑस्ट्रिया आला, इटलीचं राज्य झालं. संस्था टिकली. तिचं काम इमारत, कलावस्तू, संगीत आणि मिळकत सांभाळणं. उपासना आणि पापनिवेदन बंधूंकडे. पादोवाचे बंधू कॉन्व्हेंच्युअल शाखेचे, म्हणजे सामूहिक मालकी स्वीकारलेल्या शाखेचे आहेत. म्हणून इथला कारभार संघाबाहेरच्या लोकांकडे असण्याचं कारण फक्त निर्धनतेचं व्रत आहे असं लिहू नये. मोठी वास्तू पिढ्यान्‌पिढ्या चालणारं काम असतं, पैसा नागरिकांचा असतो, आणि संत शहराचा असतो. नगराला हिशेब आपल्या माणसांच्या हाती हवा होता. मुखत्यार हा पोपच्या मालकीतून आलेला आणि पादोवाचा कारभारी नगराच्या अधिकारातून. दोघंही संघाबाहेरचे, पण दोघांची मुळं वेगळी. एकच मराठी शब्द दोघांना वापरला तर हा फरक पुसला जातो.

‘आर्का’ म्हणजे पेटी. लॅटिनमध्ये तिजोरीची पेटीही आर्का आणि मृतदेहाची दगडी पेटीही आर्काच. पादोवात संताच्या समाधीला आर्का म्हणतात आणि तिच्यावरून संस्थेलाही. मराठीतही दानपेटी आणि शवपेटी दोन्हींत ‘पेटी’ आहे, हे सुंदर आहे. तरी संस्थेचं भाषांतर ‘वंदनीय पेटी’ करू नये. ‘वेनेरांदा’ हे संस्थेच्या नावाआधीचं मानाचं विशेषण आहे, मिलानच्या कॅथीड्रलच्या ‘वेनेरांदा फाब्ब्रिका’लाही ते लागतं. आपण संस्थानाच्या नावाआधी ‘श्री’ लावतो त्या जातीचं. नाव तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला एक ओळ जोडावी : ‘वेनेरांदा आर्का, म्हणजे बॅसिलिकेचं कारभारी मंडळ’.

‘मास्सारो’ हा उत्तर इटलीतल्या नगरांचा शब्द. ज्याच्याकडे सार्वजनिक पैसा आणि माल सोपवला आहे तो. खजिनदार म्हटलं तर अर्थ अरुंद होतो, कारण हे लोक करारही करत. शिल्पकार डोनातेल्लोने १४४०च्या दशकात इथला ब्राँझचा क्रूस आणि मुख्य वेदी घडवली. तिच्यासाठी १४४६ मध्ये फ्रांचेस्को दा तेर्गोला याने १५०० लिरे दिले होते. ही रक्कम दात्याकडून कामापर्यंत नेणं, कारागिरांचे हप्ते चुकते करणं, ब्राँझ पुरवणं, सगळं आर्काच्या वह्यांत नोंदलेलं आहे, आणि त्या वेदीची मूळ मांडणी शोधणारे अभ्यासक आजही त्याच वह्या चाळतात. जुझेप्पे तार्तीनी या व्हायोलिनवादकाची १७२१ मधली नेमणूकही आर्काचीच. १८९५ मध्ये वास्तुविशारद कामिल्लो बोइतो याने वेदीची नव्याने मांडणी केली. इतका पसारा ‘कारभारी’ या शब्दात मावतो, ‘खजिनदार’मध्ये नाही. ‘महंत’, ‘मठाधिपती’ हे तर पूर्ण उलटे, कारण ती पदं धार्मिक आहेत.

फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचेला हेच काम ‘ओपेरा’ करते. ओपेरा म्हणजे काम, बांधकाम. तिचे सभासद ‘ओपेराई’. आजच्या इटालियनमध्ये ओपेराई म्हणजे कामगार, त्यामुळे ‘सांता क्रोचेच्या कामगारांनी शिल्पकाराला काम दिलं’ अशी वाक्यं तयार होतात. ते कामगार नव्हते, काम देणारे होते. ‘बांधकाम मंडळ’ हा शब्द मध्ययुगासाठी चालेल, आजच्यासाठी ‘व्यवस्थापन मंडळ’. आणि ‘ओपेरा’ लिहिताना वाचकाला संगीतनाटक आठवणारच, म्हणून ‘ओपेरा दि सांता क्रोचे’ असं पूर्ण नाव द्यावं.

या सगळ्यांचं इटालियन कायद्यातलं सामान्यनाम ‘फाब्ब्रिचेरिया’, मुळात ‘फाब्रिका’, चर्चची इमारत आणि तिचा निधी. याचं ‘कारखाना’ होतं आणि आपण हसतो. पण शिवकालीन राज्यव्यवहारात ‘अठरा कारखाने, बारा महाल’ होते आणि गडावर कारखानीस असे. तिथे कारखाना म्हणजे खातं, कोठार, त्याची व्यवस्था. जुन्या अर्थाने शब्द फार दूरचा नव्हता, आज मात्र वापरता येणार नाही. त्यापेक्षा जवळचा दुवा गोव्यात आहे : तिथल्या चर्चच्या मिळकतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला पोर्तुगीजांपासून ‘फाब्रिका’च म्हणतात. गोव्यातल्या वाचकांसाठी लिहीत असाल तर हाच शब्द ठेवावा. तिथल्या हिंदू देवस्थानांचे महाजन त्याच पोर्तुगीज राज्यात १८८६ च्या माझानिया नियमावलीखाली, म्हणजे देवस्थानांच्या कारभाराच्या नियमांखाली, आले. पण ‘महाजन’ हा शब्द पादोवाला लावू नये. महाजनकी कुळाने येते, मास्सारोपद नेमणुकीने.

इटलीच्या आजच्या कायद्यात फाब्ब्रिचेरियाची व्याख्या नेमकी आहे. १९८५ चा कायदा क्रमांक २२२, कलम ७२, आणि त्याखालचे १९८७ चे नियम. कॅथीड्रल आणि मोठं ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्व असलेल्या चर्चसाठी सात सदस्य, मुदत तीन वर्षं, दोन बिशपने नेमायचे, पाच गृहमंत्र्याने बिशपचं मत ऐकून. देखभाल, दुरुस्ती, मिळकत आणि त्यासाठी आलेली दानं त्यांच्याकडे, उपासनेत ढवळाढवळ नाही. पादोवाची गोष्ट यात आणखी वेगळी आहे. इटली आणि रोमचं पीठ यांच्यातल्या १९२९ च्या कराराच्या कलम २७ ने लोरेतो, असिसी आणि पादोवा इथल्या बॅसिलिका रोमच्या पीठाकडे गेल्या, ‘निव्वळ लाइको स्वरूपाच्या’ इमारती वगळून. म्हणून ‘पादोवाची बॅसिलिका आर्काच्या मालकीची आहे’ हे वाक्य आज चूक ठरतं.

त्या कलमातला ‘लाइको’ आपल्याला शेवटच्या प्रश्नाकडे आणतो. ‘सामान्य लोक’ नको, कारण या मंडळांवर शहरातली वजनदार घराणी बसत. ‘गृहस्थ’ म्हटलं की लग्न झालेला असं वाटतं. ‘निधर्मी’ तर अजिबात नको, हे लोक श्रद्धाळू कॅथलिक होते. वसईच्या मराठी कॅथलिक समाजात यासाठी ‘प्रापंचिक’ हा शब्द रुळलेला आहे, त्याच्या जोडीला ‘व्रतस्थ’ आणि ‘धर्मगुरू’. हे तीन शब्द नीट वापरले की निम्मा गोंधळ संपतो. माणसांसाठी ‘प्रापंचिक’, इमारती आणि मिळकतीसाठी ‘ऐहिक’.

‘अदीक्षित’ हा पर्यायही सुचवला जातो, आणि त्यात एक खड्डा आहे. फ्रान्सिस्कन संघात ‘ले ब्रदर’ असतात. त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतलेली नसते, पण ते पूर्ण व्रतस्थ असतात आणि पैशाचा नियम त्यांनाही लागू असतो. ‘अदीक्षित कारभारी’ लिहिलं तर वाचक त्यांनाच कारभारी समजेल. उलट संघाच्या तिसऱ्या शाखेतले जे लोक प्रपंचात राहूनच फ्रान्सिसचा मार्ग पाळतात, ते प्रापंचिकच. तसंच ‘गार्डियन’. हा मठातल्या बंधूंचा प्रमुख, मिळकतीचा पालक नव्हे. ‘गार्डियन आणि मास्सारी यांच्यात करार’ असं मूळ लेखात असेल, तर मराठीत ‘मठप्रमुख आणि कारभारी यांच्यात करार’ असं लिहावं. ‘पालक’ लिहिलं तर एकाच बाजूची दोन माणसं आपापसात करार करताहेत असं दिसेल.