गाडी घेण्याआधी रनिंग मोज

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

सहाही माणसांना एका गाडीतून जाता यावं म्हणून मोठी गाडी घ्यायचं ठरवलंस, ते वाचून फार बरं वाटलं. तुझे बाबा आणि सासरे डिझेलवर अडून बसलेत आणि जावईबापू पेट्रोल म्हणतायत, असं लिहिलंयस. माझं मत आधी सांगतो: तुमच्या घराला पेट्रोलच. कारणं मात्र सविस्तर लिहितो, कारण दोघा वडीलधाऱ्यांना ती तुलाच पटवून द्यायची आहेत.

डिझेल म्हणण्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या काळात तो हिशेब खराच होता. २०१२ च्या सुमारास मुंबईत पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक असायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारने बाजारावर सोडला आणि ही दरी बुजत गेली. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल साधारण साडेएकशेतीन रुपये आणि डिझेल नव्वद. मध्येच १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला. धूर साफ करणारी यंत्रणा डिझेल इंजिनाला फार महागात पडायला लागली आणि मारुतीने तेव्हापासून डिझेल गाड्या बंदच केल्या. म्हणून तू पाहिलेली अर्टिगा फक्त पेट्रोल आणि सीएनजीत मिळते. कियाच्या कॅरेन्समध्ये मात्र पेट्रोल-डिझेल दोन्ही पर्याय आहेत, आणि तुमचा वादही तिच्यावरूनच चाललाय.

आता वही घेऊन बस. ऑफिसला तू मुलुंडहून लोकलने जातेस, जावईबापूही. म्हणजे गाडी निघणार रविवारी, सासूबाईंना गुडघ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला, ठाण्याला खरेदीला, आणि गणपतीत नि मे महिन्यात चिपळूणला. वर्षाला सात हजार किलोमीटर म्हणजे खूप झाले. धरून चाल की पेट्रोल गाडी १६ लाखांची आणि तीच डिझेलमध्ये साडेसतरा लाखांची. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या गाडीला आरटीओचा एकरकमी कर पेट्रोलवर १२ टक्के आणि डिझेलवर १४ टक्के. शोरूमवाला हे सहसा बोलत नाही, पण त्या करातच पन्नासेक हजार जास्त जातात. म्हणजे डिझेलसाठी दोन लाख आधीच मोजलेस. गर्दीत पेट्रोलने १२ आणि डिझेलने १५ चं ॲव्हरेज दिलं, तर किलोमीटरमागे वाचतात अडीच-पावणेतीन रुपये. दोन लाख वसूल व्हायला साधारण ७६ हजार किलोमीटर लागतील. तुमच्या रनिंगला अकरा वर्षं! तेवढ्यात तुझा मुलगा कॉलेजात जाईल.

पैशाचं एक वेळ बाजूला ठेव. मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती मी गॅरेजमध्ये रोज बघतो. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी तिच्यात अडकते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने पळायला हवं. तुमच्या मुलुंडच्या गर्दीच्या एलबीएस रस्त्यावर कुठे मिळणार तो वेग? जळण्याचं काम सुरू होतं आणि तेवढ्यात शाळा येते, गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि लोक तो आठवडाभर अंगावर काढतात. अशा गाडीची ऑइलची डिपस्टिक काढून बघितली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं असतं आणि बोटाला डिझेलचा वास येतो. जाळी तापवायला जादा सोडलेलं डिझेल न जळता खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. ऑइल पातळ झालं की टर्बो आणि बेअरिंग दोन्ही धोक्यात. बरं, यात गाडी वाईट नसते, बनवणाऱ्याचाही दोष नसतो. ती चुकीच्या घरात दिलेली असते. म्हणून डिझेल घ्यायचंच ठरलं, तर दर आठवड्याला एकदा तरी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून लांबवर फिरवून आणायची तयारी ठेवा.

डिझेलला मी नावं ठेवत नाही हं. महिन्यातून चारदा नाशिक किंवा कोल्हापूर करणाऱ्या माणसाला मी आजही डिझेलच सांगतो. सात माणसं, टपावर सामान, एसी सुरू आणि समोर घाट, अशा वेळी इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच, १५०० आरपीएमला, २५० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ देणारं इंजिन जे ओढतं, त्याला तोड नाही. इनोव्हा क्रिस्टा लाखो किलोमीटर पळतात त्या उगाच नाही. पण तुमच्या वाटेवर कशेडीला आता बोगदा झालाय, उरतात भोस्ते आणि परशुराम घाट. तिथे साधं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन तिसऱ्या गिअरवर, कधी दुसऱ्यावर घ्यावं लागेल, आवाज करेल, पण चढेल. आवाज नको असेल तर टर्बो पेट्रोल बघ. ओढ डिझेलसारखीच मिळते, मात्र गर्दीत ते नऊ-दहाच्या वर जायचं नाही, हे समजून घे. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यात ऊर्जा कमी असल्यामुळे ॲव्हरेज थोडं कमीच धर, कंपनीच्या आकड्यावर जाऊ नकोस.

सीएनजीचं विचारलंयस. किलोमीटरमागे सगळ्यात स्वस्त तेच. पण टाकी डिकीत बसते, आणि सहा माणसांचं गणपतीचं सामान तिला डोक्यावर घेता येत नाही. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी आली, पंपावरच्या रांगा आल्या. रोज गाडीने ऑफिसला जाणाऱ्याने घ्यावी.

जागेबद्दल आता. सात सीट लिहिलेल्या असतात, सात माणसं बसतातच असं नाही. अर्टिगात तिन्ही रांगा उभ्या असताना मागे २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन लहान बॅगा. रेनॉच्या ट्रायबरमध्ये ८४ लिटर, भाजीच्या पिशव्यांपुरती. तिसरी रांग पाडली की दोन्हींत भरपूर जागा. म्हणून ठरवा की तिसऱ्या रांगेत कोण बसणार. एखादं मूलच बसणार असेल तर त्याच्या शेजारची सीट पाडून तिथे सामान लागतं. बाकी मोजमाप शोरूमच्या झगमगाटात होत नाही. सासूबाईंना सोबत ने आणि त्यांना स्वतः चढू-उतरू दे. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर भार येतो, फार उंच असेल तर पाय उचलावा लागतो. त्या काही बोलणार नाहीत, तू त्यांचा हात बघ. दाराची कड घट्ट धरून उठल्या तर ती गाडी नको. मागच्या रांगेत एसीची हवा पोचते का, तिथे खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हेही बघ. आणि पट्टा मुलांना लावायलाच लाव.

तुमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची सोय आहे ना? बुकिंगआधी खाली जाऊन त्याच्यावरची पाटी वाच. लांबी, उंची आणि वजन तिन्ही लिहिलेले असतात. लांबीला अर्टिगा साधारण ४.४ मीटर, कॅरेन्स ४.५४, क्रिस्टा ४.७ च्या पुढे. काही स्टॅकमध्ये फक्त सेडानची उंची धरलेली असते. लाखोंची गाडी घेऊन ती रस्त्यावर लावणारी माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

बाबांना आणखी एक सांग. दिल्लीत दहा वर्षांपुढची डिझेल गाडी चालवण्यावर एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, २०१५ मध्ये बंदी आणली. मुंबईत तसा नियम नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विचार करायला सांगितलं आणि सरकारने समिती नेमली. अकरा वर्षं वापरायची म्हणून घेतलेल्या डिझेलचं पुढे काय होईल, हा प्रश्न त्यांनाही पडू दे.

टेस्ट ड्राइव्हला एकटी जाऊ नकोस. सहाही जण बसा, एसी सुरू ठेवा, आणि सेल्समन नेईल त्या मोकळ्या रस्त्याऐवजी गाडी एखाद्या फ्लायओव्हरच्या चढावर न्यायला सांग. चढावर थांबव आणि पुन्हा उचल. क्लच तुझ्या पायाला जड जातो का, ते तिथेच कळेल. जात असेल तर ऑटोमॅटिक घे, त्यावर पैसे खर्च झाले तरी मी काही म्हणणार नाही. दोन गाड्या मनात पक्क्या झाल्या की दोन्हींची ऑन रोड कोटेशन्स मला पाठव. इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजचे आकडे मी तपासून देतो.

तुझे काका