एकाच माणसाच्या हातची वाइन आणि तुमच्या मुदत ठेवी

प्रश्न: मी ४७ वर्षांचा, नोकरदार. काही वर्षांपासून एका छोट्या वाइनमेकरच्या रेड वाइन जमवतोय. ते वर्षाला जेमतेम पाच-सहा पिंपं वाइन करतात. दुकानात ती मिळत नाही, त्यांच्या यादीतल्या लोकांनाच वाटून मिळते. माझ्या वाट्याला वर्षाला सहा बाटल्या येतात. आता ओळखीतले एक ज्येष्ठ संग्राहक याच वाइनमेकरचा आपला सगळा संग्रह, ११ हंगामांच्या १३० बाटल्या, मला एकरकमी द्यायला तयार आहेत. लिलावातल्या शेवटच्या भावापेक्षा १० टक्के कमी मागतात. त्यासाठी माझ्या एकूण बचतीचा पाचवा हिस्सा लागेल, तोही बहुतेक मुदत ठेवी मोडून. मुलगी चार वर्षांनी कॉलेजात जाईल. वाइनमेकर सत्तरीपुढचे आहेत, त्यांच्यामागे भाव कुठच्या कुठे जातील असं सगळेच म्हणतात. बायकोचा विरोध आहे. घेऊ का?

उत्तर: नको. सगळा संग्रह तर नकोच, आणि ठेवी मोडून त्यातली एक बाटलीसुद्धा नको. वर्षाच्या सहा बाटल्यांचा वाटा मात्र सोडू नका. त्यामागचं कारण पुढे येईलच.

आधी तुमच्या पत्रातलं ते वाक्य घेऊ, ज्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे: 'त्यांच्यामागे भाव वाढतील.' एका माणसाच्या जाण्यावर पैसे लावायचे, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण ते बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच की ते खरं आहे का. असं बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा आँरी जायेर असतात. फ्रान्सच्या बर्गंडीतल्या व्होन-रोमाने गावचे. क्रो पारांतू नावाचा जेमतेम हेक्टरभराचा खडकाळ तुकडा कुणी विचारत नव्हतं. युद्धकाळात तिथे द्राक्षांऐवजी कंद पिकवले जात होते. जायेरनी तो सुरुंग लावून फोडला आणि वेली लावल्या. १९७८ पासून त्या तुकड्याची वाइन ते वेगळी बाटलीत भरू लागले. २००६ मध्ये ते गेले. २०१८ मध्ये जिनिव्हात त्यांच्या तळघरातल्या उरलेल्या १,०६४ बाटल्यांचा लिलाव झाला आणि सुमारे साडेतीन कोटी स्विस फ्रँक उभे राहिले. संग्राहकांच्या बैठकीत ही गोष्ट निघाली की पुढे कुणी काही विचारत नाही.

मी दोन गोष्टी विचारेन. त्या १२ वर्षांत जायेर गेले, एवढंच घडलं का? २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचं शुल्क पूर्ण काढून टाकलं आणि आशियातला नवा पैसा आधी फ्रान्सच्याच बोर्दो भागातल्या वाइनकडे, मग बर्गंडीकडे वळला. भाव चढले ते या लाटेवर, आणि जायेर नेमके तिच्या वाटेत उभे होते. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांच्यामागे भाव वाढले नाहीत, त्या वाइनमेकरांची नावं तुम्हाला का माहीत नाहीत? कारण ती लिलावाच्या यादीत येतच नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या उत्पादकांची घट्ट, दमदार शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) २००० च्या सुमाराला अमेरिकेत हातोहात जात होती. समीक्षकांचे गुण शंभरपैकी शंभराच्या आसपास, उत्पादन काहीशे पेट्यांचं, पुढच्या हंगामासाठी रांगा. मग चव बदलली, लोक हलक्या, ताज्या वाइनकडे वळले आणि रांगा संपल्या. वाइन बिघडली नव्हती, गिऱ्हाईक पांगलं होतं. त्या गुणांमागचं सगळ्यांत वजनदार नाव, अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर, २०१९ मध्ये निवृत्तही झालं.

तुमच्या वाइनमेकरना मोठं कोण म्हणतं? यादीतले तीन-चारशे लोक आणि एक-दोन समीक्षक. हे लोकही त्यांच्याबरोबरच म्हातारे होताहेत. त्यांच्यामागे बाग कोण चालवणार, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. जायेरांच्या मागे त्यांचा भाचा इमॅन्युएल रूजे होता आणि शेजारपाजारच्या शेतांनाही जगभर नाव होतं. उत्तराधिकारीच नसेल तर नावाची चर्चा दरवर्षी नव्याने पेटत नाही. पाच-सात वर्षांनी 'हे कोण?' असं विचारणारी पिढी येते.

इतक्या छोट्या उत्पादनात वाइनमेकर धडधाकट असतानाही घात होऊ शकतो. इटलीतल्या मोंतालचिनोला ज्यानफ्रांको सोल्देरांच्या तळघरात डिसेंबर २०१२ मध्ये एका माजी नोकराने शिरून पिपांचे नळ उघडले. २००७ ते २०१२ अशा सहा हंगामांची सुमारे ६२,००० लिटर वाइन गटारात गेली. जुन्या बाटल्या ज्यांच्याकडे होत्या त्यांचं यात भलं झालं असं कुणी म्हणेल, आणि ते खोटंही नाही. पण हा नफा कुणाच्या योजनेत नव्हता. तो योजनेत धरून ठेवी मोडणं मला मान्य नाही.

आता भावाकडे येऊ. 'लिलावातला शेवटचा भाव' म्हणजे किती बाटल्यांचा भाव? ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात बर्गंडीतल्याच रोमाने-काँती या वाइनची १९४५ ची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. त्या हंगामात अवघ्या ६०० बाटल्या झाल्या होत्या. काही मिनिटांनी त्याच तळघरातली, त्याच वर्षाची दुसरी बाटली पुकारली गेली आणि ती ४,९६,००० ला थांबली. जगातली सगळ्यांत हवीशी वाइन, तरी दुसऱ्या बाटलीलाच दहा टक्क्यांहून जास्त घसरण, कारण सर्वांत हट्टी माणसाची भूक पहिल्या बाटलीने भागली होती. तुमच्याकडे १३० बाटल्या असतील. विकायला काढाल तेव्हा त्या वाइनचा वर्षभराचा सगळा बाजार तुम्हीच असाल.

पिपाचं गणितही करून बघा. एका पिपात साधारण २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. सहा पिंपं म्हणजे १,८००. निम्म्याअधिक प्यायल्या जातात, त्यामुळे पुरवठा आटतो, हे खरंच आहे. पण इतक्या कमी बाटल्यांवर रोजची उलाढाल होत नाही, आणि उलाढाल नसली की भाव म्हणजे कुणीतरी कधीतरी दिलेली रक्कम एवढाच अर्थ उरतो. नावाजलेल्या वाइनचीही स्थिती काही फार वेगळी नाही. लंडनच्या लिव्ह-एक्स या वाइनच्या बाजारपेठेचा शंभर वाइनचा निर्देशांक २०११ च्या मध्यापासून तीन वर्षांत सुमारे एक तृतीयांश उतरला. २०२२ च्या शिखरानंतर तो पुन्हा घसरत गेला आणि दोनेक वर्षांत पाचव्या हिश्श्याहून जास्त खाली आला. मुलीच्या कॉलेजची फी नेमकी अशा घसरणीत भरायची वेळ आली तर?

आपण तरीही आशावादी होऊ. समजा आज १०० ला घेतलेली बाटली दहा वर्षांनी लिलावात २०० ला गेली. दुप्पट झाली म्हणून पेढे वाटायच्या आधी बघा: २०० हा खरेदीदाराने मोजलेला आकडा आहे आणि त्यात त्याच्यावर बसणारं लिलावगृहाचं शुल्क आहे. ते हातोड्याच्या भावावर २५ टक्के धरलं तर हातोडा पडला १६० वर. त्यातून विक्रेत्याचं कमिशन १० टक्के गेलं, राहिले १४४. वाहतूक, तपासणी यात ४ गेले. दहा वर्षं थंड गोदामाचं भाडं आणि विमा, वर्षाला खरेदीच्या २ टक्के धरा, म्हणजे २० गेले. हातात आले १२०. दहा वर्षांत १०० चे १२०, म्हणजे वर्षाला दोन टक्केसुद्धा नाही. आणि हा भाव दुप्पट झाल्याचा हिशेब आहे. दर सगळीकडे थोडेफार वेगळे असतात, तुमच्या ठिकाणचे घालून बघा, चित्र फार बदलणार नाही. करांचे नियमही देशोदेशी वेगळे. ब्रिटनमध्ये वाइन बऱ्याचदा झिजणारी मालमत्ता म्हणून नफ्यावरच्या करातून सुटते, अमेरिकेत संग्रहाच्या वस्तू म्हणून तिच्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागतो. आणि तुम्हाला ती विकता तरी येते का, हे आधी बघा. बऱ्याच ठिकाणी परवान्याशिवाय खासगी माणसाला दारू विकता येत नाही. मग परवानाधारक लिलावगृह हीच एक वाट उरते, आणि ते घेईल त्या अटी.

याच हिशेबाने तुमच्या ज्येष्ठ मित्रांची 'दहा टक्के सूट' तपासा. लिलावात खरेदीदाराला १२५ पडणारी बाटली घेऊ. तिथे विकली तर हातोडा पडतो १०० वर, कमिशन जाऊन त्यांच्या हाती ९० येतात. तुमच्याकडून मागतात साधारण ११२. म्हणजे तुमचे वाचतात १३, त्यांना जास्त मिळतात २२, शिवाय त्यांच्या १३० बाटल्या एकदम बाजारात येऊन भाव पडण्याची धास्ती जाते. ती धास्ती कुठे जाते? तुमच्या तळघरात. ते वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी कदाचित हा हिशेबच केला नसेल. पण घासाघीस करायला जागा आहे. १०० च्या आत बोलणी सुरू करा.

बोलणी फक्त एक-दोन डझन बाटल्यांची करा, तुम्हाला न मिळालेल्या हंगामांची. बाटलीची किंमत तिच्यात काय आहे याइतकीच ती कुठे राहिली यावर ठरते. जिनिव्हात जायेरांच्या बाटल्यांना तो भाव मिळाला याचं मोठं कारण हे की बाटल्या करणाऱ्याच्या घरातून बाहेरच पडल्या नव्हत्या. याच्या उलट टोकाला रूडी कुर्नियावान, बनावट जुन्या वाइन विकणारा. २००८ च्या लिलावात त्याने पोंसो घराण्याच्या 'क्लो सँ-दनी'च्या १९४५ पासूनच्या बाटल्या ठेवल्या. लॉरां पोंसो स्वतः तिथे जाऊन उभे राहिले, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली होती. कुर्नियावानला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या बाबतीत बनावट मालाची भीती कमी, उष्णतेची जास्त. तेव्हा प्रत्येक बाटली उजेडासमोर धरा. दहा-बारा वर्षांच्या वाइनची पातळी मानेतच असायला हवी, खांद्यापर्यंत उतरली असेल तर बाजूला ठेवा. टोपीच्या कडेला चिकट ओघळ दिसला किंवा बूच वर सरकलं असेल तर बाटली कधीतरी तापली आहे. लेबलावर ओलीचे डाग असले तर बिचकू नका. दमट तळघरात ते पडतात, वाइनला ते बरंच असतं, फक्त लिलावात थोडं मोल कमी होतं. प्रत्येक हंगामाची मूळ पावती मागा. आणि सौद्याआधी त्यांच्याच संग्रहातली एक बाटली, मधल्या एखाद्या हंगामाची, दोघांनी मिळून उघडा, तिचे पैसे तुम्ही द्या. इतकी स्वस्त तपासणी दुसऱ्या कुठल्या गुंतवणुकीत मिळत नाही.

पैसे कुठून आणायचे? ठेवी मुलीच्या आहेत, त्यांना हात नाही. वार्षिक बोनसमधून किंवा महिन्याच्या शिलकीतून जेवढं निघेल तेवढंच. माझ्या अशिलांना मी छंदाच्या वस्तूंसाठी बचतीच्या पाच टक्क्यांची मर्यादा सांगतो, आणि ती रक्कम निवृत्तीच्या हिशेबात शून्य धरतो. तुमच्या सध्याच्या बाटल्या त्यात मोजल्या की किती जागा उरते ते बघा. बहुधा फार नाही.

वार्षिक वाटा ठेवा म्हटलं ते यासाठी की ती रक्कम पेलणारी आहे, भाव थेट करणाऱ्याचा आहे, माल कुठून आला हा प्रश्नच नाही, आणि एकदा यादीतून नाव गेलं की पुन्हा लागायला वर्षं जातात. सहातल्या तीन प्या, तीन ठेवा. प्यायल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं की त्यांचा हात अजून तसाच आहे की ढळतोय? बाजाराला ते कळायच्या आधी कळणं, हा तुमच्याकडे असलेला एकमेव फायदा आहे.

ठेवायच्या बाटल्यांना १२-१३ अंश, अंधार, मध्यम ओल आणि स्वतंत्र विमा लागतो. घरसामानाच्या पॉलिसीत त्या आपोआप येतात असं समजू नका. गोदामात ठेवत असाल तर तिथे आग किंवा चोरी झाली तर भरपाई कोण आणि कोणत्या भावाने देणार, हे करारात वाचा. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोला ऑक्टोबर २००५ मध्ये एका गोदामाला लागलेल्या आगीत ४५ लाखांहून जास्त बाटल्या गेल्या. आग लावणारा तिथलाच एक भाडेकरू निघाला, आपल्याकडे ठेवायला दिलेली लोकांची वाइन परस्पर विकल्याचं लपवण्यासाठी त्याने ते केलं होतं. कित्येक छोट्या वाइनरींचे जपून ठेवलेले जुने हंगाम त्यात कायमचे संपले.

बायकोचा विरोध तुम्ही एका वाक्यात उरकलात. त्यांना या वाइनची किंमत कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर मग तुम्हाला काही झालं तर त्या या बाटल्या कुणाला, कितीला विकणार? एक वही करा: हंगाम, संख्या, खरेदीचा भाव, जागा, पावतीचा क्रमांक, विम्याची मुदत आणि ज्याला फोन करायचा त्या लिलावगृहातल्या माणसाचं नाव. इच्छापत्रात त्या वहीचा उल्लेख करा. वही पूर्ण झाली की ती दोघांनी बसून वाचा, आणि एक-दोन डझनांचा निर्णय त्यानंतर घ्या. मित्रांना तोवर थांबायला सांगा.