मधचं मघ होतं, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी चौथीला शिकवते, वर्गात ४२ पोरं. त्यातला एक तोंडी विचारलं की फटाफट सांगतो, विहिरीला पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात का आटते, सगळं. पण वही उघडली की मधचं मघ, कमळचं कळम आणि अर्धं पान कोरं. दहा-दहा वेळा लिहून घेतलं, काही फरक नाही. घरचे म्हणतात आळशी आहे, आजी म्हणते ह्याचा बाप पण असाच होता. मी एकटी काय करणार?

उत्तर: आधी ती दहा वेळा लिहिलेली पानं परत बघा बरं. बहुतेक पहिले दोन-तीन मध बरोबर असतील, चौथ्याला मघ झालं असेल आणि तिथून खाली पोरगं वरच्या ओळीतलं स्वतःचंच चुकलेलं बघून उतरवत गेलं असेल, म्हणजे आपणच चूक घोटून घेतली की. ते बंद करा. घ आणि ध एकाच दिवशी घेऊ नका, एक पक्कं होऊ दे, पाटीवर मोठं गिरवू दे, तोंडाने म्हणत म्हणत.

परिसर अभ्यासाला त्याला तोंडी विचारा आणि मार्क द्या, तिथे आपल्याला विहीर कळली का बघायचंय, शुद्धलेखन नाही. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावू नका, आणि अचानक उभं करून वाचायला तर अजिबात नको. बाकीची पोरं कुरकुरतात, ह्यालाच का म्हणून? मी पाढ्यांचा तक्ता सगळ्यांच्याच बाकावर ठेवायचे, ज्यांना नको ती आठवड्यात बघायची थांबायची.

डोळे-कान तपासून घ्या आधी, मग लिहिण्या-वाचण्याची टेस्ट. ही लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डोकं चांगलं असूनही लिहिणं-वाचणं जड जाणं, असू शकते, पण ते वहीवरून तुम्ही-मी ठरवायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती आहे, सर्टिफिकेट मिळालं तर पुढे दहावीला तीन तासांच्या पेपरला तासभर जास्त, गरज असेल तर लेखनिक. दिव्यांग शब्द ऐकून घरचे बिथरतात, म्हणून सुरुवात तिथून करू नका.

आणि आजीचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका हं, हे बऱ्याचदा घराण्यात असतं. पालकसभेला बापालाच बोलवा, तुम्हाला शाळेत काय जड जायचं एवढंच विचारा आणि गप्प बसा.