क्वांटम कॉम्प्युटरला फायबर का लावत नाहीत?

प्रश्न: घरी फायबरचं नेट आहे, तो भिंतीवरचा बॉक्स प्रकाशाचा सिग्नल बदलून राउटरला देतो. मग दोन क्वांटम कॉम्प्युटर असेच जोडायला काय हरकत आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: हरकत काहीच नाही हो, पण तो बॉक्स इथे कामाचा नाही. तो आलेला प्रकाश मोजतो, 0 की 1 ते ठरवतो आणि नवा सिग्नल बनवून पुढे ढकलतो. क्वांटम सिग्नल मोजला की संपलाच, कॉपीही काढता येत नाही, म्हणजे आतली अवस्था न बघता तशीच्या तशी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर न्यायची. आणि उडी केवढी! सुपरकंडक्टिंग क्यूबिट (अतिथंड सर्किटांपासून बनवलेले क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) चालतात साधारण 5 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हवर, फायबरमधला 1550 नॅनोमीटरचा प्रकाश 193 टेराहर्ट्झ, जवळपास 40,000 पट.

मग मायक्रोवेव्हच पाठवा ना, असं वाटेल. पण खोलीच्या तापमानाला त्या फ्रिक्वेन्सीवर उष्णतेचेच हजारभर फोटॉन, म्हणजे लहरींचे कण, फिरत असतात, त्यात आपला एक कुठे शोधणार? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने तर 30 मीटरची अख्खी लाइनच मिलिकेल्विनपर्यंत (उणे 273 अंशांच्या अगदी जवळ) थंड केली आणि 2023 मध्ये तिच्यावर बेल टेस्ट (दोन टोकांमध्ये खरंच क्वांटम नातं आहे का, याची परीक्षा) करून दाखवली. काम जबरदस्त, पण मुंबई-पुणे अशी नळी कोण थंड करत बसणार!

म्हणून कन्व्हर्टर, म्हणजे मायक्रोवेव्हचा सिग्नल प्रकाशात बदलणारं यंत्र. अमेरिकेत बोल्डरच्या जिला (JILA) या संशोधन संस्थेमध्ये सिलिकॉन नायट्राइडचा पातळ पडदा वापरला, एकीकडे मायक्रोवेव्ह सर्किट, दुसरीकडे लेझर आणि मधे थरथरणारा हा पडदा. 2018 मध्ये 47 टक्के एफिशियन्सी मिळाली (म्हणजे जवळपास निम्मा सिग्नल पार झाला), बातम्यांत असे आकडे छान दिसतात, पण माझ्या मते बघायचा आकडा नॉइजचा, म्हणजे रूपांतरात मिसळणाऱ्या फालतू फोटॉनचा. तिथे तो 38 फोटॉन होता, आणि एकट्या फोटॉनची अवस्था जपायची तर तो एकच्या बराच खाली हवा.

नॉइज येतो कुठून, तर बराचसा लेझरमुळेच. रूपांतराला लेझर जोरात लागतो आणि क्यूबिट ज्या खास फ्रीजमध्ये ठेवतात त्याची सर्वात थंड पायरी 10-20 मिलिकेल्विनला, तिथे उष्णता ओढायची ताकद मायक्रोवॅटमध्ये मोजायची, थोडा प्रकाश शोषला गेला तरी सगळं तापतं. ऑस्ट्रियातल्या इस्टा (ISTA) या संशोधन संस्थेच्या ग्रुपने यावर लिथियम नायोबेट या स्फटिकाची चकती घेतली आणि लेझर सतत न सोडता छोट्या छोट्या पल्समध्ये सोडला, चकती तापायच्या आत काम उरकायचं! 2023 मध्ये त्यांनी असंच मायक्रोवेव्ह आणि प्रकाश यांचं एन्टँगलमेंट (दोघांच्या अवस्था एकमेकींत गुंतवणं) करून दाखवलं. मात्र दोन वेगळ्या फ्रीजमधले क्यूबिट प्रकाशाने जोडायचे तर असे दोन कन्व्हर्टर लागतात, दोन्ही टोकांना, आणि दोन्हीकडची एफिशियन्सी एकमेकींना गुणली जाते, म्हणजे एकूण आकडा आणखी खाली येतो.