कला महाविद्यालयासाठी निधी उभा करायचाय, सुरुवात कुठून करावी?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की संस्थेने निधी समितीचं प्रमुखपद तुमच्याकडे दिलंय, ग्राफिकच्या, म्हणजे छापचित्रांच्या, स्टुडिओसाठी २५ लाख उभे करायचेत, आणि आधी कंपन्यांकडे जावं की आमदारांकडे, हे कळत नाही. मी परभणी-नांदेड पट्ट्यातल्या एका चित्रकला महाविद्यालयात हे काम अकरा वर्षं केलं. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे नंतर जा. आधी माजी विद्यार्थ्यांची यादी करा.

आपली पोरं श्रीमंत नाहीत, मान्य. एटीडी, जी. डी. आर्ट अशा कलेच्या पदविका करून गेलेला पोरगा कलाशिक्षक होतो, फ्लेक्सचं दुकान टाकतो, गणपतीचा कारखाना काढतो. पण कलाशिक्षक दरवर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना पोरं बसवतो. गावाकडच्या पोराला फी जमली तरी रंग-कागद परवडत नाही, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय तालुक्यातला डॉक्टर, मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, आडत्या त्याच्या ओळखीचा असतो, कारण त्यांची पोरं त्याच्याच हाताखाली शिकलेली असतात.

जिंतूर तालुक्यातल्या अशाच एका कलाशिक्षकाकडे मी गेलो होतो. मधली सुट्टी होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने ड्रॉवरमधून आमच्याच कॉलेजची जुनी पावती काढली. पाचशे रुपये, सिरॅमिकच्या भट्टीसाठी. ‘सर, भट्टी झाली का?’ एवढंच विचारलं. भट्टी झाली नव्हती. त्या पैशांत कंपाउंडची भिंत झाली होती. भिंतही लागतच होती, पण त्याने पैसे भट्टीला दिले होते. मला मान वर करता येईना. परत आल्यावर संचालक मंडळापुढे एकच गोष्ट लावून धरली: आधी भट्टी, मग नवी मागणी. सव्वा वर्ष गेलं. भट्टीतून भांड्यांचा पहिला घाणा भाजून निघाला त्या दिवशी पोरांच्या हातात ती भांडी असलेला फोटो आणि खर्चाचा कागद जुन्या यादीतल्या प्रत्येकाला पाठवला. पुढच्या दिवाळीत त्याच कलाशिक्षकाने त्याच्या बॅचकडून स्वतः फोन करून पैसे गोळा केले.

म्हणून सांगतो, तुमच्या संस्थेने याआधी कशासाठी पैसे घेतले आणि त्याचं काय झालं, हे जुनी पावतीबुकं काढून आधी बघा. २५ लाखांचा आकडाही एकदम कोणापुढे ठेवू नका. एचिंग प्रेस (छापचित्रं काढायचं यंत्र), शाई-रोलर, वायरिंग, चित्रासाठी समोर बसणाऱ्या मॉडेलचं वर्षभराचं मानधन, असे तुकडे पाडा. हजार रुपये देणाऱ्यालाही आपले पैसे कुठे लागले ते दिसलं पाहिजे.

वेळ सांभाळा. मृगाच्या तोंडावर घराघरांत बी-खताची जुळवाजुळव चालू असते, तेव्हा मागू नका. सोयाबीन मोंढ्यात आलं, दिवाळी झाली, की हात जरा मोकळे असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही निधीसाठी एकही फोन केला नाही. उलट जे थोडे पैसे हाताशी होते ते पोरांच्या मेसला दिले, आणि तेही देणगीदारांना विचारून. आणि प्रवेशाच्या दिवसांत पालकांकडून देणगी म्हणून एक रुपयाही घेऊ देऊ नका. प्रवेशाशी जोडून पैसे घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि पोराच्या मनात कॉलेजबद्दल जो सल राहतो तो वेगळाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. पावती संस्थेच्या नावाने द्या. देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जी ची नोंदणी चालू आहे का ते सीएकडून बघून घ्या. २,००० रुपयांपुढच्या रोख देणगीवर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. नव्या करप्रणालीत देणाऱ्याला ही सवलतच नाही, तेव्हा करबचतीच्या नावावर मागू नका. परदेशातला माजी विद्यार्थी भारतीय नागरिक असेल तर त्याची स्वतःच्या बचतीतली देणगी बँकेतून घेता येते. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती विदेशी देणगी ठरते, एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

कंपन्यांचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांकडे जरूर जा. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत शिक्षणही आहे आणि कला-संस्कृतीही. पण संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि तसल्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तीनशे माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या रकमांची यादी फाइलमध्ये असेल तर त्या टेबलासमोर तुम्हाला अजिजी करावी लागणार नाही. आमदार निधीबद्दल मी बोलत नाही, माझा त्यात अनुभव नाही.

यादीसाठी जुनी जनरल रजिस्टरं आणि निरोप समारंभाचे ग्रुप फोटो काढा. फोटो बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की नंबर आपोआप येतात. भट्टीच्या वेळी पाठवलेल्या पत्राचा मजकूर माझ्याकडे आहे, हवा असेल तर इथेच टाकतो.